वाकळेतली ऊब

समस्त नागरिकांस, विशेषतः सेलू तालुक्यातील वाचक, न वाचणारे आणि वाचनालयाची पुस्तकं परत न करणारे अशा सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या हातून आयुष्यात एक गुन्हा घडलेला आहे. गुन्हा लेखी स्वरूपाचा आहे. अक्षर सुवाच्य आहे. खाली सही आहे. तेव्हा नाकारण्याची सोय नाही, आणि आता तशी इच्छाही नाही.

दवंडी संपली. आता बसून सांगतो.

मी रहस्यकथा लिहितो. पोटासाठी वालूरच्या शाळेत शिकवतो, राहतो सेलूत, आणि सकाळी मोटारसायकलवरून जाता जाता मनातल्या मनात कुणाला ना कुणाला ठार मारतो. सतरा कादंबऱ्या झाल्या. गावात याचा परिणाम असा की, कुठं मयत असली आणि मी गेलो की कोपऱ्यातून एखादा हळूच विचारतो, "काय गुरुजी, हे आपलं आपणच गेले ना?" मी मान हलवतो. तेवढं प्रमाणपत्र मिळाल्यावरच काही लोक पुढं खांदा द्यायला सरसावतात.

या धंद्यात मी पडलो तो वडिलांमुळं. ते रेल्वेत गँगमन होते. गाडीतून फेकलेली, विसरलेली, वाऱ्यानं उडालेली पुस्तकं त्यांना रुळाच्या कडेला सापडायची. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण छापलेला कागद पायाखाली आलेला त्यांना सहन व्हायचा नाही. ते तो झटकून घरी आणत आणि आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात नेऊन देत. तिथं दोन कपाटं होती. काचेच्या कपाटात धम्माची आणि चळवळीची पुस्तकं, नंबर टाकून, ओळीत उभी. पत्र्याच्या कपाटात वडिलांनी आणलेली अनाथ मंडळी. रविवारी वंदना झाली की मी काचेच्या कपाटासमोर पाच मिनिटं मोठ्या माणसासारखा चेहरा करून उभा राहायचो आणि मग कुणाचं लक्ष नाही बघून पत्र्याच्या कपाटाकडं सरकायचो. त्यात निम्म्या रहस्यकथा. आणि रुळावर पडलेल्या पुस्तकाची एक खोड असते, त्याची शेवटची पानं आधी जातात. खून झालेला आहे, सात जणांवर संशय आहे, दार उघडून कुणीतरी आत येतं, आणि पुढं पानच नाही. समोर थेट कपाटाचा पत्रा.

किती दिवस सोसणार? मी शेवट लिहायला लागलो. वहीचे कागद फाडून, खळ लावून, त्या पुस्तकांना चिकटवायला लागलो. वाचनालयात त्यातली दोन-तीन अजून आहेत. त्यातल्या एकात मी खुनी ठरवलेला माणूस पहिल्याच प्रकरणात मेलेला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून सवय लागली ती लागलीच. आजही मी शेवटचं प्रकरण आधी लिहितो.

माझा गुप्तहेर तलाठी आहे. मी पहिली कादंबरी पाठवली तेव्हा प्रकाशकांचा फोन आला. ते म्हणाले, "तलाठी? अहो, तलाठी गुन्हा शोधत नसतो." मी म्हटलं, "पण त्याला बांध कुठून कुठं सरकला, कोण कुणाच्या सातबाऱ्यावर चढला, सगळं ठाऊक असतं." त्यांना ते पटलं. फक्त मुखपृष्ठावर त्यांनी तलाठ्याला लांब कोट घातला आणि हातात पिस्तूल दिलं. सतरा पुस्तकं झाली तरी तो कोट काही उतरला नाही. परभणीच्या उन्हात तो माणूस कोट घालून उभा आहे, बिचारा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. माझ्याकडं वाक्यांची वही आहे. सुचलेलं चांगलं वाक्य मी त्यात उतरवून ठेवतो, कांदे-लसूण टांगून ठेवावेत तसं, आणि लागेल तेव्हा काढतो. एखादं वाक्य फारच आवडलं तर दोनदा, तीनदाही वापरतो. कोण मोजतंय? असं मला वाटायचं.

त्या वहीतलं माझं सर्वांत लाडकं वाक्य होतं: 'वाकळेत माणसाची ऊब अजून शिल्लक होती.'

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. माझ्या चौथ्या कादंबरीत तलाठी आरोपीच्या अंथरुणात हात घालतो, ते गरम लागतं, आणि मी आत्ताच गावाहून आलो म्हणणारा माणूस रात्रभर इथंच होता हे त्याला कळतं. त्या एका उबेवर सगळी कादंबरी फिरते. हे वाक्य लिहिलं त्या दिवशी मी स्वतःलाच चहा पाजला होता.

आता गुन्ह्याकडं.

मे महिन्यातली सकाळ होती. शाळेला सुट्ट्या होत्या, पण कसलीतरी माहिती भरून द्यायची होती म्हणून मी वालूरला निघालो होतो. रस्त्याकडेला एक जिनिंग आहे. कापसाचा हंगाम संपलेला, यंत्रं बंद, आवारात नुसती सरकीची टरफलं उडत होती. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी. समोरची चहाची टपरी एकदम रिकामी, कपात चहा तसाच. पोलीस पंच शोधायला लागले की आमच्याकडं टपऱ्या अशाच रिकाम्या होतात. साक्षीच्या तारखा कोण करणार? मीही निसटलो असतो, पण जमादारांनी माझी मोटारसायकल लांबूनच ओळखली.

"गुरुजी! पळायलाव कुठं? या, या. तुमच्यासारखा पंच मला जन्मात भेटायचा न्हाई."

"झालंय काय?"

"चोरी. यंत्राच्या दोन मोटारींचं तांबं काढून नेलंय. आमचा लिहिणारा तापानं पडलाय आन् माझं अक्षर मलाच लागत न्हाई. तुमीच लिहा पंचनामा. तुमाला काय, रोजचंच हाय!"

मी वरवर नाही म्हणालो. आतून उकळ्या फुटत होत्या. वीस वर्षं मी कल्पनेनं पंचनामे लिहीत होतो. आज खरा! दुसरे पंच म्हणून एका किराणा दुकानदाराला धरून आणलं होतं. ते अंगणात उभं राहून सारखं म्हणत होते, "सही कुठं करू तेवढं सांगा."

आणि मग माझी फार निराशा झाली. घटनास्थळ इतकं नीरस होतं की वाचक पहिल्या पानावर पुस्तक मिटेल. एक तुटलेलं कुलूप. तेलाचे डाग. मोटारींचे नुसते रिकामे सांगाडे. मी पूर्व-पश्चिम मापं घेतली, कुलपाची कंपनी लिहिली. शेजारी रखवालदाराची खोली, दक्षिणेच्या भिंतीला खिडकी, तेही लिहिलं. आत लोखंडी खाट, खाटेवर चुरगळलेली वाकळ, खुंटीला पंचा. रखवालदार जागेवर नव्हता. मी दारात उभा राहिलो. उंबरा ओलांडला नाही, कारण लेखनाला चांगली टेकायची जागा दाराशीच होती.

'सदर खोलीत एक लोखंडी खाट असून त्यावर वाकळ अस्ताव्यस्त आढळली.' एवढं लिहिलं. बघितलं. फार कोरडं वाटलं. आणि पेन आपोआप पुढं गेलं: 'वाकळेत माणसाची ऊब अजून शिल्लक होती.'

जमादारांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "वा गुरुजी! याला म्हंतेत पंचनामा."

दुकानदारांनी न वाचता सही केली. मीही केली, खाली दोन टिंबं दिली, आणि शाळेत जाऊन पोरांची आधार माहिती भरली. दिवसभर मी खुशीत होतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर बरेच महिने गेले. पावसाळा संपला होता. एका संध्याकाळी एक पन्नाशीचा माणूस घरी आला. स्वच्छ धुतलेला, पण कॉलर विरलेला शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. दारातूनच त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, मी जिनिंगवरचा रखवालदार. आता न्हाई, तवाचा."

मी त्याला बसवलं. बायकोनं पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन पेला नीट बाजूला ठेवला आणि सांगायला लागला. चोरीच्या आदल्या संध्याकाळी त्याला बहिणीच्या गावाहून, चारठाण्याहून, निरोप आला होता, अवकाळी वाऱ्यानं बहिणीच्या घरावरचे पत्रे उडाले. बहीण एकटी. तो कुणाला न सांगता फाटकाला कुलूप लावून गेला. रात्रीत पत्रे बसवले, वर दगड ठेवले, आणि दहाच्या सुमाराला एसटीनं परत आला तर पोलीस उभे. पोलिसांचं म्हणणं, तू इथंच होतास, चोरांना दार तूच उघडून दिलंस आणि मग पसार झालास. चारठाण्याच्या साक्षीला कोण? बहीण. घरच्यांची साक्ष कोण मानतो? जामीन झाला, पण काम गेलं. आता तो मिळेल तिथं हमाली करत होता.

"मग तुम्ही तिथंच होता असं म्हणायला पोलिसांकडं काय आहे?" मी तलाठ्याच्या थाटात विचारलं.

त्यानं पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक, दोषारोपपत्राची नक्कल. दुसरी, माझी चौथी कादंबरी, कोट घातलेल्या तलाठ्यासकट. पुस्तकाच्या शेवटच्या पानांना सुती दोरा बांधलेला होता. माझी नजर दोऱ्यावर गेलेली पाहून तो लाजला.

"मधल्यात असताना शेवट बगावा वाटतो बगा. हात वळवळतो. म्हून मी बांधून ठिवतो. जवर तिथवर येत न्हाई तवर सोडायचा न्हाई. वाचून झालं की फुडच्या खेपेसाठी परत बांधतो."

मग त्यानं नकलेतला पंचनामा उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं. दोरा सोडला, पुस्तकाचं पान उघडलं, तिथंही बोट ठेवलं. दोन्ही बोटांखाली तेच वाक्य होतं. अक्षरनअक्षर.

"वकील म्हनले, या एका वाक्यानं तू अडकायलायस," तो म्हणाला. "घरी जाऊन वाचलं. मनात आलं, हे आपन कुठंतरी वाचलंय. रात पाळीला तुमची समदी पुस्तकं वाचलीत मी, गुरुजी. हे वाक्य मी इसरंन व्हय? याच्यावरच तर तलाठ्याला खुनी घावतो!"

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट, एवढा मोठा शोध आपण लावला आणि तो लेखकालाच दाखवायला मिळाला, याचा थोडा आनंद होता. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सतरा पुस्तकांत मी एवढा चोख पुरावा माझ्या तलाठ्यालाही कधी दिला नव्हता.

आणि आता माझी खरी लबाडी सांगतो. मी ताबडतोब कथानक रचायला लागलो. कारण पंच शब्द फिरवतो म्हणजे फितूर. सरकारी नोकरीतला पंच फितूर झाला तर खात्याची चौकशी. आणि तालुक्याचे नामांकित लेखक पंचनाम्यात स्वतःच्या कादंबरीतून उतरवतात, ही बातमी तर स्टेशनवरच्या हमालापासून तहसीलदारापर्यंत जाणार. मी खुर्ची पुढं ओढली.

"ऐका. मे महिना होता ना? लोखंडी खाट. खिडकी पूर्वेला. सकाळचं ऊन थेट वाकळेवर. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात वाकळ गार लागली तर ती बातमी! मी कोर्टात सांगतो, ऊब होती, पण ती उन्हाची. मला ती माणसाची वाटली. माझी चूक झाली. तुम्ही सुटलात, मीही सुटलो."

त्यानं डोळे बारीक करून, मान तिरकी करून ऐकलं. शेवटाला त्याचा चेहरा उजळला. "लय भारी हाय, गुरुजी. पुस्तकात चालंल." मग त्यानं नक्कल माझ्यापुढं सरकवली. "पन खिडकी दक्षिनंला हाय. तुमीच लिवलंय. आन् एक इचारू? तुमी वाकळेला हात लावलता का?"

मी नकलेची पानं उगाच सारखी केली. बायको आतून म्हणाली, "सांगा की आता. एवढा काय अवघड प्रश्न हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मला तवाच वाटलं," तो म्हणाला. "लावला असता तर कळलंच असतं. वाकळेखाली हेच पुस्तक व्हतं."

हे वाक्य माझ्या वहीत नाही. वहीत ठेवायची गरजही नाही, ते तसंच ध्यानात राहिलंय. मी उंबरा ओलांडला असता, दोन पावलं आत गेलो असतो, वाकळेचं टोक नुसतं उचललं असतं, तर मला त्या खोलीत माझंच पुस्तक सापडलं असतं. कोणी वाचतं का आपलं, म्हणून मी वीस वर्षं झुरत होतो. आणि जिथं माझा वाचक झोपायचा त्या खाटेबद्दल मी दारात उभं राहून खोटं लिहिलं. बघितल्याशिवाय लिहिण्याची मला इतकी सवय झाली होती की बघायची संधी समोर असताना मी ती घेतली नाही. तलाठ्यानं घेतली असती. तो मी घडवलेला माणूस माझ्यापेक्षा बरा निघाला.

जाताना रखवालदार चप्पल घालता घालता म्हणाला, "जेलचं एवढं न्हाई वाटत, गुरुजी. पन बहीन म्हंती, माझ्या पत्र्यापायी तू चोर झालास. ती आता वर पत्र्याकडं बगतच न्हाई. पाऊस आला तरी न्हाई."

तो गेल्यावर बायकोनं कप उचलले. मी उगाच म्हणालो, "चौकशी लागेल."

"लागंल," ती म्हणाली. "तुमाला न्हाई तरी चौकश्यांची लय आवड."

तारखेच्या आधी जमादार भेटायला आले. त्यांना कुठूनतरी वास लागला होता. "गुरुजी, माझ्या हातावर तुरी देऊन फितूर व्हायलाव? कामून? म्या तर तुमची तारीफच केलती!" मी म्हटलं, "जमादार, तीच तारीफ महागात पडली." ते बराच वेळ टोपी फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "मी बी हात लावला न्हवता." आणि चहा न घेता गेले.

पुढचं सगळं इथंच सांगून टाकतो, कारण शेवट मला ठरवलेल्या जागीच करायचा आहे. रखवालदार सुटला. चोर कोण होता ते आजतागायत कळलं नाही. माझ्या कादंबऱ्यांत असं कधीच होत नाही, आणि त्याचा मला आता थोडा संकोच वाटतो. मला खात्याचं पत्र आलं, खुलासा दिला, एक वेतनवाढ थांबली. वर्षभर शिक्षकांच्या खोलीत कुणीही खुर्चीवरून उठलं की मागून आवाज यायचा, "गुरुजी, ऊब बघा!" मीही हात लावून बघायचो आणि अहवाल द्यायचो. चारठाण्याला मी एकदा जाऊन आलो. बहिणीनं जेवू घातलं, आणि पत्र्यावरचे दगड मी बाहेरून, नीट मोजून पाहिले. नऊ आहेत. हे मी लिहू शकतो, कारण मी बघितलेत.

आता कोर्ट.

सेलूचं कोर्ट त्या दिवशी भरलेलं होतं. निम्मे लोक दुसऱ्या खटल्यांचे होते, पण लेखक साक्ष देणार कळल्यावर थांबले. रखवालदार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, तोच विरलेल्या कॉलरचा शर्ट इस्त्री करून. बहीण मागच्या बाकावर, पदर तोंडाशी धरून.

सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. "ही सही तुमची?"

"माझीच. टिंबांसकट."

"मजकूर खरा आहे?"

"एक वाक्य सोडून."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणतं?"

मी वाक्य म्हणून दाखवलं. इतकी वर्षं ते वाक्य मी घोळून घोळून म्हणायचो. त्या दिवशी ते फार किडकिडीत वाटलं. "साहेब, मी खोलीत गेलोच नव्हतो. वाकळेला हात लावला नाही. ती गरम होती की गार, मला माहीत नाही. वाक्य चांगलं आहे म्हणून मी लिहिलं."

मागं खसखस पिकली. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली आणि विचारलं, आरोपीनं तुम्हाला काय दिलं? मी म्हटलं, "त्यानं माझी सगळी पुस्तकं वाचली, साहेब. दुसरं काही नाही." हे उत्तर लिहून घेताना टंकलेखकाचं बोट क्षणभर थबकलं.

मग आरोपीच्या वकिलांनी ती कादंबरी पुढं केली. दोरा त्यांनी सोडून खिशात ठेवला होता, पान दुमडलेलं होतं. पुस्तकाला निशाणी पडली. मुखपृष्ठावरच्या कोटवाल्या तलाठ्याला न्यायालयाचा क्रमांक मिळाला, आणि मला त्याही स्थितीत अभिमान वाटला.

न्यायाधीशांनी पान उघडलं. आधी पंचनाम्यातली ओळ वाचली, मग पुस्तकातली. मान हलवली. मग त्या ओळीच्या वरचा परिच्छेद वाचला. सरकारी वकील उभेच होते. न्यायाधीशांनी खालचा परिच्छेद वाचला. त्यांचा अंगठा पानाच्या कोपऱ्याशी गेला, ओठ किंचित हलत होते, आणि त्यांनी पान उलटायला घेतलं.

तेवढ्यात पिंजऱ्याची फळी दोन्ही हातांनी धरून, आपण आरोपी आहोत, इथं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, हे सगळं विसरून रखवालदार मोठ्यानं ओरडला:

"सायेब, फुडं नका वाचू! खून कुनी केला ते फुडच्याच पानावर हाय!"